‘एसी’च्या रकान्यात रेघ मारू नका : नागपुरातल्या संस्थाचालकांना आणि प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहर आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांचे संस्थाचालक, प्राचार्य व क्रीडा समित्यांचे सदस्य

विषय : व्हॉलीबॉल संघाच्या सहायक प्रशिक्षकास लेखी नेमणूक व स्कोअरशीटवर जागा देण्याबाबत

स. न. वि. वि.

विषय मुद्दाम कार्यालयीन भाषेत लिहिलाय, म्हणजे पत्र निदान आवक नोंदवहीपर्यंत तरी पोचेल. पुढचं मला येतं तसं लिहिते.

गेली अकरा वर्षं मी नागपुरात मुलींच्या व्हॉलीबॉल संघांची सहायक प्रशिक्षक आहे. तीन महाविद्यालयं झाली. तिन्ही ठिकाणी काम केलं, नेमणूकपत्र एकाही ठिकाणी मिळालं नाही. कागदावर मी कधी ‘महिला व्यवस्थापक’ असते, कधी ‘क्रीडा सहायक’, एका वर्षी तर नुसतीच ‘इतर’ होते. माझं मानधन किरकोळ खर्चातून निघतं. एकदा व्हाउचरवर सही करताना वरखाली नजर गेली. माझ्या वरच्या ओळीत ‘नेट दुरुस्ती’, खालच्या ओळीत ‘चुना, दोन पोती’. लेखापालांना दोष देत नाही. त्यांच्या वहीत माझ्यासाठी दुसरं शीर्षच नव्हतं.

महाविद्यालयांची नावं लिहीत नाही. तिथल्या माणसांशी माझं भांडण नाही, आणि माझ्यासोबत मैदानावर वाढलेल्या, आता हेच काम करणाऱ्या कुणाकडूनही याहून वेगळं ऐकलेलं नाही.

आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाच्या नियमपुस्तकात सहायक प्रशिक्षकासाठी स्वतंत्र कलम आहे, ५.३. त्यात म्हटलंय की सहायक प्रशिक्षकाने संघाच्या बाकावर बसायचं, पण सामन्यात हस्तक्षेप करण्याचा अधिकार त्याला नाही. म्हणजे टाइम-आउट मागायचा नाही, बदली खेळाडू पाठवायची नाही, पंचांशी बोलायचं नाही. बसल्या जागेवरून मुलींना सांगता येतं, तेवढंच. ही अट मला कधी जाचक वाटली नाही. संघाचं तोंड एकच असावं. पण त्याच कलमाची पुढची ओळ आपल्यापैकी कुणी वाचलीय का? मुख्य प्रशिक्षकाला काही कारणाने संघ सोडून जावं लागलं, तर कर्णधाराने पंचांना कळवल्यावर सहायक प्रशिक्षक त्याचं काम हाती घेऊ शकतो. अट एकच, त्याचं नाव आधीपासून स्कोअरशीटवर हवं. खेळाडूंच्या यादीखाली त्यासाठी रकाने आखलेले असतात : ‘सी’ म्हणजे कोच, ‘एसी’ म्हणजे असिस्टंट कोच. असे दोन सहायक लिहिता येतात.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची उपांत्य फेरी. सामन्याआधी गुणलेखकाने आमच्या सरांना विचारलं, “एसी कोण?” सर म्हणाले, “एसी नाही, रेघ मारा.” प्रवेशिकेवर माझं नाव मॅनेजर म्हणून गेलं होतं. एरवी मॅनेजर बाकावर बसली तर कुणी काही म्हणत नाही, पण त्या दिवशीच्या पंचांनी नियमावर बोट ठेवलं, की बाकावर स्कोअरशीटवरचीच माणसं बसतील. बरोबरच होतं त्यांचं. मी दोरीच्या मागे, मुलींची दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत उभी राहिले.

दोन-दोन सेट झाले. चौथा सेट संपता संपता सरांना फोन आला, परीक्षेचं काहीतरी अडलंय, ताबडतोब या. ते गेले. परीक्षेच्या कामाला शारीरिक शिक्षण संचालकाला नाही म्हणता येत नाही, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. आता बाकावर कुणीच नाही. टाइम-आउट मागायचा तर कर्णधारानेच. कर्णधार म्हणजे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, एकोणीस वर्षांची पोरगी, आमची लिफ्टर, म्हणजे मारणाऱ्यांना चेंडू उचलून देणारी.

पाचवा सेट १५ गुणांचा. आठव्या गुणाला बाजू बदलल्या तेव्हा आम्ही ८-६ ने पुढे होतो. मग समोरच्यांची एक डावखुरी मुलगी सर्व्हिसला आली. तिची फ्लोट सर्व्हिस, म्हणजे न फिरता हवेत डगमगत येणारी, आमच्या पाच नंबरच्या जागेवर, मागच्या डाव्या कोपऱ्यात पडायची. हे माझ्या वहीत होतं : पहिल्या सेटपासून तिच्या अकरा सर्व्हिस, त्यातल्या आठ त्या कोपऱ्यात. लिबेरोला, म्हणजे फक्त मागे बचावाला खेळणाऱ्या मुलीला, एक पाऊल डावीकडे आणि दोन पावलं मागे सरकवलं की झालं. मी ओरडून पाहिलं. बाजूच्या कोर्टावर मुलांचा सामना चालू होता आणि त्यांच्या पोरांनी ढोल आणला होता. सलग चार गुण गेले. ८-१०. आमच्या कर्णधाराने टाइम-आउट घेतला.

तीस सेकंद. सहा मुली बाकाजवळ गोल करून उभ्या राहिल्या आणि मधे कुणीच नाही. एकीने पाणी प्यायलं. एक नुसतीच बूट बांधत राहिली. लिबेरोने माझ्याकडे पाहिलं. मी हाताने खूण केली, डावीकडे, मागे. तिने मान हलवली, पण तिला फक्त ‘मागे’ समजलं.

आम्ही १५-१२ ने हरलो. मी आत असते तर जिंकलो असतो, असा माझा दावा नाही. समोरच्यांच्या दोन मुली आमच्या ब्लॉकच्या वरून मारत होत्या, आज ना उद्या त्यांनी मारलंच असतं. पण लागणारी माहिती कोर्टापासून दहा पावलांवर एका वहीत लिहिलेली होती, आणि ती आत पोचवायची वाट नियमानेच ठेवली होती. ती वाट महिनाभर आधी प्रवेशिका भरताना आपणच बंद करून टाकली. परतताना बसमध्ये लिबेरो शेजारी येऊन बसली. “ताई, तुम्ही काऊन नाही आल्या आत?” मी तिला चणे दिले आणि झोप म्हटलं.

आता आपल्याला वाटेल, की मोसमात चार दिवस बाकावर बसायला एवढं काय पत्र लिहायचं. म्हणून हे काम म्हणजे काय, ते थोडं सांगते. प्राचार्यांच्या खोलीतून मैदान दिसतं, पण सकाळी पावणेसहाचं मैदान दिसत नाही.

आमचं कोर्ट मुरमाचं. आदल्या संध्याकाळी पाणी मारलं नाही तर धूळ, जास्त मारलं तर घसरण. दोरी ताणून फक्की मारायची, १८ बाय ९ मीटर. माझ्याकडे एक बांबू आहे. त्यावर लाल रंगाच्या दोन खुणा : खालची २.२४ मीटर, मुलींच्या नेटची. वरची २.४३, कारण संध्याकाळी त्याच खांबांवर मुलं खेळतात. नेट आधी मधोमध मोजायचं, मग दोन्ही बाजूंच्या रेषांवर. बाजू सारख्या हव्यात, आणि ठरल्या उंचीहून दोन सेंटिमीटरच्या वर गेलेल्या चालत नाहीत. आमची तार जुनी आहे, रात्रीतून सैलावते, म्हणून हे रोज.

गेल्या पावसाळ्यात सावनेरकडची एक मुलगी आली. पाच फूट आठ इंच. शाळेत खो-खो खेळलेली, व्हॉलीबॉल म्हणजे गावातल्या पोरांचं ‘शूटिंग’ व्हॉलीबॉल एवढंच पाहिलेलं. उडी अशी, की मला पहिल्याच दिवशी झोप लागली नाही. पण ती उडायची जागच्या जागी. धावत ये म्हटलं की पावलं उलटी पडायची. उजव्या हाताने मारणाऱ्या खेळाडूची शेवटची तीन पावलं डावा, उजवा, डावा अशी पडायला हवीत. ही उजवा, डावा, उजवा टाकायची. मग खांदा भलतीकडे वळतो, चेंडू डोक्याच्या मागे राहतो आणि सगळा मार कमरेवर येतो. तीन आठवडे मी तिला चेंडूला हात लावू दिला नाही. कोर्टाबाहेर चुन्याने तीन पावलं काढून दिली, त्यावरून चाल, मग पळ, मग उडी मार. बाकीच्या पोरी हसायच्या, ताई हिला लंगडी शिकवून राहिल्या. नंतर कडुलिंबाच्या फांदीला एक फाटका चेंडू दोरीने टांगला. कोपर वर ठेवून, उघड्या तळव्याने रोज शंभर. पाचव्या आठवड्यात एकदा तिचा चेंडू समोरच्या तीन मीटरच्या रेषेच्या आत आपटला आणि तीच दचकून मागे सरकली.

हे काम मुख्य प्रशिक्षकाचं, असं कुणी म्हणेल. आहेच. पण आमच्या सरांकडे व्हॉलीबॉलसकट बारा खेळ आहेत, वर ओळखपत्रं, शिस्त समिती आणि गणतंत्र दिनाची परेड. एका मुलीच्या तीन पावलांसाठी पाच आठवडे ते कुठून आणतील? त्यांनी मला नेहमी मोकळीक दिली, म्हणून तर मी इथे टिकले.

मैदानाबाहेरचं काम वेगळंच. आमच्या निम्म्या मुली काटोल, उमरेड, भिवापूर या बाजूंच्या. संध्याकाळचा सराव साडेसहाला थांबवावाच लागतो, कारण गणेशपेठच्या स्टँडवरून बस चुकली तर घरून येणारा फोन मलाच घ्यावा लागतो. (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सराव ठेवायचा नाही, हे मात्र मी आता शिकले. त्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते आणि शहरातल्या पोरींना काहीही सांगा, त्या महालातच सापडतात.) उमरेडजवळच्या एका गावात मी एका वडिलांना भेटायला गेले होते. ते म्हणाले, “मॅडम, पोरगी अंधारात घरी येऊन राहिली, लोक विचारतात.” मग चहा झाला. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे त्यांनी ऐकलं होतं, पण नुसतं कॉलेजच्या संघात खेळून ते मिळत नाही, त्यासाठी ठरावीक स्तरावरच्या स्पर्धेतली कामगिरी लागते, हे माहीत नव्हतं. मी ते जसं आहे तसं सांगितलं. खोटी आशा दाखवून आणलेली मुलगी दुसऱ्या वर्षी परत येत नाही. ही आली.

आणि नॅक, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन. समिती यायची असली की एरवी न वाजणारा माझा फोन वाजतो. विद्यार्थ्यांनी क्रीडा स्पर्धांत मिळवलेली पदकं नॅकच्या निकषांत मोजली जातात, तेव्हा पाच वर्षांची प्रमाणपत्रं, फोटो, निकालपत्रकं सगळी माझ्या कपाटातून निघतात. मागच्या खेपेला रात्री अकरापर्यंत स्कॅनिंग केलं. फाइल पूर्ण झाल्यावर चाळून पाहिली तर मी एकाही फोटोत नव्हते. साहजिकच, फोटो मीच काढलेले.

या वाटेवर माणूस पुढे कुठे जातो, ते सांगते. मी बी.पी.एड. केलं, एम.पी.एड. केलं, राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला, सेट ही राज्य पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाले. महाविद्यालयात कायम पद एकच, शारीरिक शिक्षण संचालकाचं. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची शारीरिक क्षमतेची चाचणी आहे : महिलांना आठ मिनिटांत तिसाव्या वर्षापर्यंत १००० मीटर, चाळिशीपर्यंत ८००, पंचेचाळिशीपर्यंत ६००. मी पात्र झाले तेव्हा १००० मीटरच्या गटात होते. माझ्या विषयाच्या जागेची जाहिरात बघता बघता ८०० च्या गटात आले. अजून थोडी वाट पाहिली तर ६०० मीटरवर भागेल. पळणं सोपं होत चाललंय, नोकरीचंच काही दिसत नाही.

तोवर पाच महिने कॉलेजचं मानधन, ऑगस्ट ते डिसेंबर. त्यानंतर एका शाळेत सकाळचा पी.टी.चा तास, एप्रिल-मेमध्ये उन्हाळी शिबिरं. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी आठनंतर मैदानावर मूल ठेवणं हा गुन्हाच, म्हणून पहाटे पाचला सुरू. मधल्या काळात शिकवण्या घेते, आणि विषय विचारू नका.

पैशांचं एवढंच. त्याहून मला खुपतं ते दुसरं. खेळाडू घडते त्या उरलेल्या सात महिन्यांत. स्पर्धेचे महिने घडवायचे नसतात, असलेलं टिकवायचे असतात. उडीची ताकद, मांड्या, पोटऱ्या, घोटे, हे सगळं जानेवारी ते जुलैचं काम, आणि त्या सात महिन्यांत मुलींसोबत अधिकृतपणे कुणीच नसतं. मग ऑगस्टमध्ये तयारी नसलेले गुडघे घेऊन त्या रोज शे-दीडशे उड्या मारतात. पहिल्या पंधरवड्यात एक तरी मुलगी पट्टी बांधून कडेला बसलेली असते. तिला फिजिओकडे मीच नेते, दुचाकीवर, मागे बसवून.

हे सगळं मी याआधी तोंडी मांडलं आहे. उत्तर ठरलेलं : “मॅडम, हे पद आकृतिबंधात नाही.” खरं आहे, मंजूर पदांच्या त्या यादीत ते नाही. पण दारावरचा सुरक्षारक्षक आकृतिबंधात आहे का? जिमचा ट्रेनर? संगणक कक्षातला मुलगा? तरीही त्यांच्याकडे पत्रं आहेत, कारण त्यांच्यावाचून अडतं हे आपण मान्य केलंय. आणि प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याकडून क्रीडा शुल्क घेतलं जातं. माझ्या भाच्याची पावती माझ्याच हातात होती, त्यावर ती ओळ स्वच्छ छापलेली होती. ते पैसे कुठे जातात असा प्रश्न मी विचारत नाही. त्यातून एक पत्र निघू शकतं का, एवढं विचारते.

अमेरिकेची उदाहरणं द्यायला मला आवडत नाही. तिथे ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना बघायला ९२,००३ लोक स्टेडियममध्ये आले होते. आपण सेमीफायनलला मावश्या, भाऊ आणि तो ढोल धरून दोनशे जमवले तरी खूश असतो. त्यांच्या पैशांशी आपली बरोबरी नाही. पण त्या वर्षीची दुसरी एक गोष्ट मी लक्षात ठेवली. तिथल्या वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयीन खेळांत ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ नावाचं एक पद होतं, म्हणजे काम पूर्ण आणि पगार नाही. १ जुलै २०२३ पासून ते पदच काढून टाकण्यात आलं. इतका पैसा असलेल्या ठिकाणीसुद्धा ते २०२३ पर्यंत चालत होतं, हे वाचून मला आपल्याबद्दल थोडं बरंही वाटलं होतं, खरं सांगते.

मला हवं ते फार नाही. या मोसमाच्या प्रवेशिकेवर सहायक प्रशिक्षकाच्या जागी सहायक प्रशिक्षकाचं नाव लिहा, मॅनेजर दुसरं कुणी करा. महिला प्राध्यापकांपैकी कुणालाही पाठवा, मुलींना आवडतं, एका मॅडम तर भंडाऱ्याच्या स्पर्धेत आमच्याहून जास्त ओरडल्या होत्या. दुसरं, नेमणुकीचं पत्र. त्यावर पदाचं नाव ‘सहायक प्रशिक्षक, व्हॉलीबॉल’ असं स्पष्ट असावं आणि मुदत निदान दहा महिन्यांची. मानधन आहे त्यापेक्षा लगेच वाढलं नाही तरी मी थांबीन, पण पत्राशिवाय अनुभवाचा दाखला मिळत नाही, आणि दाखल्याशिवाय माझी अकरा वर्षं कुठल्याच अर्जाच्या रकान्यात बसत नाहीत. एका मुलाखतीत मला विचारलं होतं, अनुभव? मी म्हटलं, अकरा वर्षं. कागद? मी व्हाउचरची झेरॉक्स पुढे केली. समितीतल्या एका सरांनी ती वाचली, चुन्याच्या पोत्यांपर्यंत वाचली, आणि हसू दाबून परत दिली. त्यांचाही राग आला नाही. मलाही हसू येत होतं.

एक सूचना मात्र आपल्यापैकी काहींना कडू लागेल. मुख्य प्रशिक्षकाला सामन्याच्या दिवशी परीक्षेच्या कामाला बोलावू नका. वेळापत्रक महिनाभर आधी आलेलं असतं.

त्या सामन्यातली लिबेरो आता बी.पी.एड. करते आहे. परवा रेशीमबागेत भेटली. लहान मुलांचं शिबिर घेत होती, गळ्यात शिट्टी, हातात माझ्यासारखीच वही. म्हणाली, “ताई, असिस्टंट कोच व्हायचं तर काय करा लागते?”

मी म्हटलं, एक पत्र टाकलंय. उत्तर आलं की सांगते.

आपली,
एक सहायक प्रशिक्षक
(सध्या कागदोपत्री : महिला व्यवस्थापक)
नागपूर